स्क्रोल सॉवर नाणं कापून लाकडात बसवायचं कसं

भाऊबीजेला ताईला ओवाळणीत शिसवी करंडा दिला, झाकणावर पितळी कमळ बसवलेला. ते कमळ जुन्या 20 पैशाच्या नाण्यातलं आहे हे कळल्यावर जेवणं बाजूला राहिली आणि सगळ्यांचं एकच सुरू झालं, कापलं कसं, लेझरवर का, संगणकावर चालणाऱ्या सीएनसीवर का. ना लेझर ना सीएनसी. टेबलावर ठेवायचं साधं स्क्रोल सॉ मशीन, म्हणजे उभं बारीक ब्लेड वरखाली चालवून नक्षी कापणारी करवत, आणि सोनार वापरतात ते केसासारखं बारीक ब्लेड, एवढंच लागतं. चार जणांना चार वेळा फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच सगळं नीट लिहून काढतो, म्हणजे ज्याला करायचंय त्याला समोर ठेवून करता येईल.

मी वीस वर्षं टूलरूममध्ये काम केलंय त्यामुळे धातूची भीती नव्हती, तरी पहिली पाच-सहा नाणी वाया गेली आणि प्रत्येक वेळी कारण एकच निघालं, नाणं हललं. ब्लेड तुटलं, नाणं हललं म्हणून. ब्लेड कापायची रेघ सोडून गेलं, नाणं हललं म्हणून. बोटाला लागलं तेसुद्धा नाणं ब्लेडबरोबर वर उचललं गेलं म्हणूनच. तेव्हा पुढचं सगळं वाचताना हे धरून चला की मशीन कुठलं, ब्लेड कुठल्या कंपनीचं हे नंतरचं, आधी नाणं दगडासारखं घट्ट बसलं पाहिजे.

आता त्याआधी एक गोष्ट, आणि ही गंमत म्हणून सोडून देऊ नका. आपल्याकडे चलनात असलेलं नाणं कापायला कायद्याने बंदी आहे. 2011 चा नाणे कायदा आहे त्यात चलनातलं नाणं वितळवणं, नष्ट करणं, अगदी तसं मोडलेलं नाणं जवळ बाळगणंसुद्धा गुन्हा आहे आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत जाऊ शकते. म्हणजे आजचं एक, दोन, पाच, दहा, वीस रुपयांचं नाणं अजिबात घ्यायचं नाही. आणि 50 पैशाचंही नाही! दुकानदार घेत नाहीत म्हणून लोकांना वाटतं ते बंद झालं, पण ते अजून वैध आहे. बंद झाली ती 25 पैसे आणि त्याखालची, 30 जून 2011 पासून. त्या कायद्यातली नाण्याची व्याख्याच चलनात वैध असलेलं नाणं अशी आहे, म्हणून मी फक्त ह्या बंद झालेल्या नाण्यांवरच काम करतो.

दुसरं टोक म्हणजे फार जुनी नाणी. शंभर वर्षांवरचं नाणं पुरावस्तू कायद्यात येतं, पण कायदा बाजूला ठेवा, शिवराई किंवा जुना मराठेशाही पैसा हातात आला आणि त्यावर कोणी ब्लेड चालवलं तर मला खरंच वाईट वाटेल. झिजलेली असली, अक्षर दिसत नसलं तरी नको. ती ज्या हातांतून गेलीत ते परत येणार नाहीत. अगदी ब्रिटिश काळातलं मधे भोक असलेलं 1943 ते 47 मधलं पैशाचं नाणं, आमच्याकडे आजी त्याला भोकाचा पैसा म्हणायची, ते शंभर वर्षांचं नाही आणि भरपूर मिळतंही, पण त्याला कापायचं कशाला, त्याला मुळातच एक आकार आहे, अख्खंच बसवा, सुंदर दिसतं.

मग कुठलं घ्यायचं. माझं आवडतं म्हणजे 1968 ते 71 मधलं पितळी 20 पैसे, ज्यावर कमळ आहे. आमच्या घरी ही नाणी लक्ष्मीपूजनाच्या ताटात असायची. व्यास साधारण 22 मिलिमीटर, धातू पिवळा आणि कापायला एकदम गोड, लोण्यासारखा नाही पण कडकही नाही, ब्लेड एका सुरात चालतं. फक्त मागच्या बाजूला अशोकस्तंभाची सिंहमुद्रा असते, ती कापणं ज्यांच्या मनाला लागेल त्यांनी हे नाणं घेऊच नये, त्यात काही चूक नाही. त्यांच्यासाठी परदेशी नाणी आहेत, ती पुढे सांगतो.

अॅल्युमिनियमची 10 पैसे, 5 पैसे, 3 पैसे ही सरावाला चांगली, डब्यात ढिगाने सापडतात. पण अॅल्युमिनियम मऊ असल्यामुळे ते ब्लेडच्या दातांत भरतं, चिकटून बसतं, आणि मग ब्लेड कापायच्या ऐवजी नुसतं घासत राहतं. त्याला रॉकेलचा एखादा थेंब किंवा मेण सतत लागतं. 25 पैशाचं गेंड्याचं नाणं दिसायला मस्त आहे, गेंडा कापून काढायचा मोह सगळ्यांनाच होतो, मलाही झाला, पण ते स्टेनलेस स्टील आहे, ब्लेडं अक्षरशः खातं. एका गेंड्याला माझी नऊ ब्लेडं गेली आणि शेपूट तुटली ती तुटलीच. नवीन माणसाने त्याच्या नादी लागू नये.

ज्यांचे भाऊ-बहीण, मुलं अमेरिकेत आहेत त्यांनी येताना क्वार्टर, म्हणजे तिकडचं 25 सेंटचं नाणं, मागवा. तिकडे ह्या हस्तकलेचं बरंच वेड आहे कारण तिकडचा कायदा फसवणुकीच्या हेतूने नाण्यात बदल करण्याला बंदी घालतो, दागिना किंवा शोभेची वस्तू करायला अडवत नाही. क्वार्टर 24.26 मिमी व्यासाचं आणि 1.75 मिमी जाडीचं असतं, 1965 पासून त्यात आत तांबं आणि दोन्ही बाजूंना तांबं-निकेलचा थर आहे. त्यामुळे कापल्यावर कडेला मधोमध तांब्याची लाल रेघ दिसते, लुगड्याच्या काठासारखी, फार छान दिसते. 1999 ते 2008 मध्ये पन्नास राज्यांची पन्नास वेगवेगळी चित्रं त्यांनी काढली, त्यामुळे विषय भरपूर. त्यांचा एक सेंट मात्र टाळा, 1982 नंतरचा आतून जस्ताचा आणि वरून फक्त तांब्याचा मुलामा, कापलं की करडा रंग उघडा पडतो आणि काही महिन्यांत कडा काळपट होतात.

आता ब्लेड. मशीन घेताना एकच बघा, बिनपिनेचं ब्लेड लागतं का. स्वस्त मशीनमध्ये टोकाला आडवी पिन असलेलंच ब्लेड बसतं आणि ती पिन जाण्यासाठी एवढं मोठं भोक पाडावं लागतं की नाण्यात दुसरं काही उरतच नाही. साधं सपाट टोकाचं पाच इंची ब्लेड चिमट्यात धरणारं मशीन हवं, आणि वेग कमी करता आला पाहिजे. सोनारांच्या करवतीची ब्लेडं 130 मिमी म्हणजे जवळजवळ पाच इंचीच असतात, ती ह्या मशीनला बसतात. सोनारकामाची हत्यारं विकणाऱ्या दुकानात मिळतील, मुंबईत झवेरी बाजारात, पुण्यात सोन्या मारुती चौकाच्या आसपास विचारा, डझनावर मिळतात आणि डझनभर तरी घ्याच.

नंबर घ्यायचा 2/0, दुकानात दोन झिरो म्हणा. का ते सांगतो म्हणजे डोळे झाकून ऐकायला नको. धातूच्या जाडीत कुठल्याही क्षणी कमीत कमी दोन-तीन दात असायला हवेत हा करवतीचा जुना नियम आहे, हॅक्सॉ चालवणाऱ्या कुठल्याही फिटरला विचारा. 2/0 ब्लेडला एका इंचात साधारण 56 दात असतात, म्हणजे पावणेदोन मिमी जाडीच्या नाण्यात एका वेळी तीन-चार दात. आणि लाकडाचं 5 नंबर ब्लेड लावलं, ज्याला इंचाला बारा-पंधराच दात, तर नाण्यात जेमतेम एक दात येतो, तो कडेला अडकतो, हिसका बसतो आणि ब्लेड नाहीतर नाणं दोन्हीपैकी एक जातं. बस एवढंच गणित आहे. फार नाजूक नक्षी असेल तर 3/0 किंवा 4/0 घ्या, पण ती फटाफट तुटतात.

वेग सगळ्यात कमी. बहुतेक मशीनचा खालचा आकडा मिनिटाला 400 ते 500 फेऱ्यांच्या आसपास असतो, तेवढाच ठेवा. वेगाने ब्लेड गरम होतं, गरम झालं की दात मऊ पडतात आणि मग संपलंच.

आता नाणं धरण्याचं. इथे घाई करू नका, माझ्या मते अर्धं काम इथेच आहे.

तीन मिमी प्लायवूडचा साधारण तळहाताएवढा चौकोन घ्या. मधोमध नाण्याच्या मापाचं भोक स्क्रोल सॉवरच कापा, नाणं त्यात हलक्या दाबाने बसलं पाहिजे, खुळखुळता कामा नये. त्याच मापाचा दुसरा अख्खा चौकोन खाली फेविकॉलने चिकटवा. झालं घरटं. आता नाणं त्यात नुसतं डबल साइडेड टेपने चिकटवू नका, मी तेच करायचो आणि तिथेच फसायचो. नाण्याची कड नेहमी उंच असते, चित्र त्यापेक्षा थोडं खाली असतं, त्यामुळे टेपला फक्त कडेची गोल रेघ चिकटते आणि मधला भाग अधांतरी राहतो. कापताना चित्राचा तुकडा सुटत आला की तो तरंगायला लागतो आणि थरथरतो, मग ब्लेड तुटतं. नक्षीकाम करणारे सोनार नग लाखेत बसवतात ते ह्याचसाठी, लाख खालच्या सगळ्या खाचाखोचांत भरते आणि नगाला खालून पूर्ण आधार मिळतो. मी लाखसुद्धा वापरून बघितली, पण ब्लेड गरम झालं की लाख वितळून दातांत बसते. शेवटी अरल्डाइटवर आलो. पाच मिनिटांत सुकणारं अरल्डाइट, पातळ थर, नाणं दाबून बसवायचं, बाजूने वर आलेलं पुसून घ्यायचं आणि पाच मिनिटं लिहिलेलं असलं तरी रात्रभर तसंच ठेवायचं. काम झाल्यावर हे सगळं घरटं उकळत्या पाण्यात दहा मिनिटं टाका, अरल्डाइट मऊ पडतं आणि तुकडे सांडशीने अलगद निघतात. प्लाय फुगून खराब होतं, होऊ दे, ते त्याचसाठी आहे. भांडं मात्र स्वयंपाकघरातलं नको.

ह्या घरट्याचा दुसरा फायदा म्हणजे बोटं. 22 मिमीचं नाणं हाताने धरून ब्लेडशी न्यायचं म्हणजे बोट आणि ब्लेडमध्ये अंतरच राहत नाही. चौकोन मोठा असला की दोन्ही हात लांब राहतात आणि वळवायलाही नीट जमतं.

मशीनच्या टेबलावर ब्लेडसाठी जे भोक असतं ते फार मोठं असतं, बारीक तुकडा त्यात जातो आणि अडकतो. सनमायकाचा एक तुकडा घ्या, मधे एक मिमीचं भोक पाडा, ब्लेड त्यातून ओवा आणि तुकडा टेबलावर टेपने चिकटवा. गुळगुळीत असतो, घरटं त्यावर तेल लावल्यासारखं फिरतं.

काय कापायचं हे ठरवताना आकाशकंदील आठवा. लहानपणी काळ्या कार्डशीटवर नक्षी कापताना जो भाग चारी बाजूंनी सुटला तो खाली पडायचा, म्हणून मधे छोटे दांडे ठेवायचो ना, तेच इथे. दोन प्रकार आहेत. एक, नाण्याची गोल कड ठेवायची आणि चित्र व कडेच्या मधली मोकळी जागा काढून टाकायची, चित्र दोन-तीन ठिकाणी कडेला जोडलेलं राहील असं. ही झाली जाळी. दुसरा, चित्रच पूर्ण सुटं काढायचं, जसं ताईच्या करंड्यावरचं कमळ. पहिल्यांदा करताना जाळीच करा, कारण बाहेरचा आकार गोलच राहतो आणि लाकडात गोल खड्डा पाडणं सोपं. आणि दांडे किमान एक मिमी रुंद ठेवा, अर्ध्या मिमीचे ठेवले तर कानस मारताना वाकतात.

काढायच्या प्रत्येक भागात एक भोक लागतं. सेंटर पंचने, म्हणजे टोकदार खिळ्यासारख्या हत्याराने, हलकी खूण करा, एकच टिचकी, जोरात मारलं तर नाणं वाकतं. मग 0.8 मिमीचं ड्रिल. 2/0 ब्लेडची रुंदी अर्ध्या मिमीच्या आसपास आहे म्हणजे ते त्यातून आरामात जातं. ड्रिलला तेलाचा थेंब, दाब अगदी नाममात्र, आणि दर थोड्या वेळाने वर उचलून किस झटकायचा. 0.8 चं ड्रिल तिरकं झालं की तुटतं आणि तुटका तुकडा नाण्यातच राहिला तर ते नाणं गेलं, म्हणून हातात धरून नाही, स्टँडवर. भोक चित्रावर नाही, टाकाऊ भागात, रेघेपासून थोडं आत.

आता ब्लेड लावायचं. दात खाली तोंड करून आणि तुमच्याकडे, बोटाने वरून खाली हलकं फिरवून बघा, खाली जाताना गुळगुळीत आणि वर येताना खरखरीत लागलं पाहिजे. खालचं टोक आधी घट्ट करा, मग नाण्याचं भोक ब्लेडमध्ये ओवून घरटं टेबलावर बसवा, मग वरचं टोक. ताण असा की नखाने टिचकी मारली की सतारीच्या तारेसारखा टिंग आवाज यावा, थड् असा आवाज आला तर ढिलं आहे. ढिलं ब्लेड जास्त तुटतं, घट्ट ब्लेड कमी, हे मला सुरुवातीला उलटं वाटायचं. दाबपट्टी खाली आणून घरट्याला जेमतेम टेकेल अशी लावा. गॉगल घाला. तुटलेल्या ब्लेडचा तुकडा कुठेही उडू शकतो, ह्यात कसलीही सवलत नाही. मास्कही घाला, निकेल असलेल्या नाण्याचा किस नाकात जाणं चांगलं नाही आणि काहींना हाताला खाजही येते.

कापताना पुढे ढकलायचं नाही. हे लिहायला सोपं आहे, पण हात ऐकत नाही, लाकूड कापायची सवय असते. लाकडात तुम्ही ढकलता आणि ब्लेड वाट काढतं, धातूत ब्लेडला वेळ द्यायचा आणि आपण फक्त दिशा दाखवायची. कमळाची एक पाकळी, म्हणजे सात-आठ मिमीची वळणदार रेघ, मला तीन-चार मिनिटं लागतात. आवाज ऐका. बरोबर चाललं असेल तर बारीक एकसारखा सर्र सर्र असा आवाज येतो आणि ब्लेडच्या पुढे पिवळा किस पिठासारखा साठतो. आवाज चिरका झाला की थांबा, मेण लावायची वेळ झाली. मधमाश्यांच्या मेणाची वडी शेजारी ठेवा आणि दर अर्ध्या-एक मिनिटाला चालत्या ब्लेडच्या मागच्या बाजूला, दातांना नाही, टेकवा. मेणबत्तीचं मेणही चालतं पण मधमाश्यांचं जास्त टिकतं. किस फुंकायचा नाही, जुन्या रंगाच्या ब्रशने झटका, नाहीतर रेघ दिसत नाही आणि डोळ्यात जातो ते वेगळंच.

पाकळीचं टोक आलं की तिथे पुढे जाणं थांबवा, ब्लेड चालूच ठेवा, जागच्या जागी, आणि घरटं हळूहळू फिरवा, ब्लेड स्वतःसाठी एवढीशी जागा करून घेतं आणि मग वळतं. तिथे घाईने फिरवलं तर ब्लेडला पीळ बसतो आणि टक्. नाण्यात ब्लेड तुटतं त्यातली निम्म्याहून जास्त अशा टोकांवरच तुटतात. तुटलं तर वाईट वाटून घेऊ नका, एका नाण्याला दोन-तीन ब्लेडं जाणारच, खर्चात धरून चाला. ब्लेड न तुटताही कापेनासं होतं, तसं वाटलं की लगेच बदला, ओढाताण करून ते चालवलं की आपण नकळत ढकलायला लागतो.

क्रम नेहमी आतून बाहेर. आधी मधले छोटे भाग, मग मोठे, सगळ्यात शेवटी बाहेरची रेघ, कारण बाहेरची कापली की आधार गेला. आणि रेघेच्या नेमकं वर नाही, टाकाऊ बाजूने केसभर सोडून कापा, ती केसभर जागा कानशीने घ्यायची.

कानस म्हणजे घड्याळजी आणि सोनार वापरतात त्या सुयांसारख्या, बारा नगांचा संच येतो, त्यात अर्धगोल आणि त्रिकोणी ह्या दोनच जास्त लागतात. हे कानसकाम मी नाणं घरट्यात असतानाच करतो, सुटं करून नाही, नाहीतर धरताना दांडे वाकतात. पाण्यात उकळून काढल्यावर मागच्या बाजूला बर, म्हणजे कापल्याची खरखरीत कड, आलेली असते, ती 400 नंबरचा पॉलिश पेपर काचेवर ठेवून त्यावर नाणं पालथं दोन-चार वेळा फिरवलं की जाते. चित्राच्या बाजूला पॉलिश पेपर लावू नका, कधीच नाही, त्या नाण्याची पन्नास वर्षांची झीज आणि उठाव एका मिनिटात सपाट होतो. पुढून साफ करायला चिंच आणि मीठ, जुना टूथब्रश, आणि लगेच स्वच्छ पाण्याने धुऊन पुसायचं, देवाची भांडी घासतो तसंच. खोलगट भागातला थोडा काळेपणा राहू द्या, चित्र त्यानेच उठून दिसतं.

आता लाकूड. पितळ आणि शिसव ह्यांचं जमतं हे मी नव्याने सांगायला नको, उत्तर प्रदेशात मैनपुरीला तारकशीचे कारागीर शिसवीत पितळेची तार ठोकून बसवत आलेत. गडद लाकूड, घट्ट रेषा, पिवळा धातू. क्वार्टरसारख्या पांढऱ्या नाण्यालाही शिसवच छान. सागावर पितळ फारसं दिसत नाही, दोघांचा रंग जवळचा. हळदूसारख्या फिकट लाकडात नाणं बसवणार असाल तर धातूचं सगळं काम आधी संपवून, टेबल झाडून, मगच लाकूड काढा, धातूचा किस फिकट लाकडाच्या रेषांत बसला की करडे डाग कायमचे.

जाळी असेल म्हणजे बाहेरून गोल असेल तर सोपं, सपाट तळाचा खड्डा पाडणारं फॉर्स्टनर बिट घ्या. 22 मिमी नाण्याला 22 चं बिट मिळतं, आधी टाकाऊ तुकड्यावर पाडून नाणं बसतंय का बघा. क्वार्टरला नेमकं माप मिळत नाही, 24 चं भोक पाडायचं आणि दांडक्याला पॉलिश पेपर गुंडाळून पाव मिमी वाढवायचं, गोल गोल फिरवत, दर थोड्या वेळाने नाणं लावून बघत. 25 चं पाडू नका, ती फट नंतर कशानेही लपत नाही. खोली व्हर्नियरने, म्हणजे बारीक मोजमापाच्या पट्टीने, मोजून, नाण्याच्या जाडीएवढी, हवं तर पाव मिमी जास्त. फॉर्स्टनरच्या मधल्या टोकाचा खड्डा तळाला राहतो, आणि जाळीतून नेमका तोच दिसतो! हे पहिल्यांदा मला सगळं चिकटवून झाल्यावर लक्षात आलं. म्हणून खड्डा झाला की तळाला त्याच लाकडाची पातळ चकती चिकटवा, खोली तेवढी आधीच जास्त धरा.

सुट्या कमळासाठी वेगळी पद्धत. खड्डा कोरत बसायचं नाही. नाण्याच्या जाडीएवढी, म्हणजे दोन मिमीच्या आसपास, शिसवीची पातळ पट्टी तयार करा, त्यात कमळाच्या आकाराचं आरपार भोक स्क्रोल सॉवर कापा आणि मग ती पट्टी झाकणाच्या खालच्या जाड फळीवर चिकटवा. खड्डा आपोआप तयार, तळ सपाट. आकार पट्टीवर उतरवताना पेन्सिल वापरू नका, पेन्सिलीची रेघच अर्धा मिमी जाड असते. कमळ पट्टीवर एका बाजूने टेपने धरा आणि धारदार टोकाच्या सुईने कडेकडेने खरवडा, मग त्या ओरखड्यात खडूची पूड चोळा, पांढरी बारीक रेघ दिसते. रेघेच्या आतून कापा, भोक थोडं लहानच हवं. मग कानशीने लाकूड थोडं थोडं घ्यायचं, कमळ लावून बघायचं, जिथे अडतंय तिथेच घ्यायचं. धातूला कानस लावायची नाही, लाकडालाच. मला ह्या बसवण्याला जवळजवळ दीड तास लागला आणि खरं सांगायचं तर मला सगळ्यात जास्त आनंद इथेच होतो, शेवटी अंगठ्याने दाबलं आणि ते टक् करून बसलं की!

तरी इतकंही घट्ट नको की ठोकून बसवावं लागेल. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, धातू तसं करत नाही. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी तर कागद सरकेल एवढी फट चारी बाजूंनी ठेवावीच, नाहीतर जूनमध्ये पट्टीला चीर जाते.

चिकटवायच्या आधी सगळ्यात महत्त्वाचं, लाकडाचं घासकाम पूर्ण संपवा. 120, 220, 400 नंबरचे पॉलिश पेपर सगळे, नाणं बसवायच्या आधी. आपल्याला सवय असते की बसवायचं आणि मग वरून सगळं एकत्र घासून सपाट करायचं, लाकडात लाकूड बसवताना ते बरोबर आहे, पण इथे वरून घासलं तर नाण्याचं चित्र जाईल. मग नाण्याची मागची बाजू 120 च्या कागदावर खरखरीत करा, थिनरने पुसा, त्यानंतर तिथे बोट लावू नका. फेविकॉल धातूला धरत नाही, अरल्डाइटच, आणि ह्या वेळेला पाच मिनिटांचं नाही, सावकाश सुकणारं साधं घ्या, जास्त मजबूत असतं. अगदी पातळ थर, विशेषतः जाळीला, कारण जास्त झालं तर भोकांतून वर येतं. आलंच तर ओलं असतानाच थिनरच्या बोळ्याने पुसा. वर प्लास्टिकचा कागद, त्यावर सपाट लाकूड, आणि वजन. मी जुनी पाच किलोची वजनं ठेवतो. चोवीस तास हात लावायचा नाही.

कुठे फट राहिलीच तर त्याच लाकडाचा भुसा बारीक चाळून अरल्डाइटमध्ये कालवून काडीने भरा. शिसवीचा भुसा अरल्डाइटमध्ये जवळजवळ काळा दिसतो, त्यामुळे ती फट मुद्दाम ठेवलेल्या काळ्या रेघेसारखी वाटते.

वर पॉलिश कुठलंही चालेल, पण पितळ उघडं राहिलं तर हाताच्या घामाने काळं पडतं. मी नाण्यावर ब्रशने क्लिअर लॅकरचा एक पातळ हात देतो, सुकल्यावर सगळ्या झाकणावर लाखेचं पॉलिश बोळ्याने तीन-चार हात. करंड्यात कुंकू ठेवायचं असेल तर आतल्या बाजूला पॉलिश नीट सुकू द्या, आठवडाभर तरी, नाहीतर कुंकवाला वास लागतो.

आणि कमळ काढल्यावर जी गोल कडी उरते ती टाकू नका. ती कड आणि तिच्यावरची अक्षरं, मधे कमळाच्या आकाराची रिकामी जागा, हेही एक चित्रच आहे. ताईच्या करंड्यात ती मी झाकणाच्या आतल्या बाजूला बसवली, 22 चा खड्डा पाडून, आणि मधल्या रिकाम्या कमळात हळदूचा पिवळा तुकडा कापून घातला. तो तुकडा कापताना लाकडाचं 2/0 ब्लेड घ्या आणि ह्या वेळेला रेघेच्या बाहेरून कापा, आत बसवायचा आहे ना, थोडा मोठा असू दे, मग घासत घासत आणा.